वैद्यकीय प्रवेशाची संभाव्यता कशी मोजावी? : अमेरिकेतील ‘प्री-मेड’ व्यवस्थेचा अन्वयार्थ

गोषवारा : अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्यामुळे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दोन वेगवेगळ्या प्रवेशद्वारांतून जावे लागते : पहिले पदवी महाविद्यालयाचे आणि दुसरे वैद्यकीय महाविद्यालयाचे. या दोन्ही ठिकाणच्या प्रवेशाची शक्यता अजमावताना आकडेवारीचा आधार घेतला जातो, परंतु ती आकडेवारी नेमकी कोणत्या गटाविषयी आहे याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ‘प्री-मेड’ व्यवस्थेची जडणघडण, दोन्ही टप्प्यांवरील निवडीचे निकष, संभाव्यतेच्या अंदाजात होणाऱ्या गफलती आणि मार्गदर्शक म्हणून प्राध्यापकांची जबाबदारी यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्री-मेड, संभाव्यता, समग्र मूल्यमापन, निवड-पक्षपात, शिफारसपत्र.

प्रस्तावना :

महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाची शक्यता अजमावण्याची एक रूढ रीत आहे. ‘नीट’चा निकाल लागला की विद्यार्थी व पालक मागील वर्षाच्या प्रवेश-फेऱ्यांच्या याद्या समोर घेतात. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला हे पाहतात आणि आपला क्रमांक त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे यावरून अंदाज बांधतात. ही रीत बऱ्याच अंशी खरी ठरते, कारण येथे निवडीचा निकष एकच आहे : परीक्षेतील गुणवत्ता-क्रमांक. प्रवर्ग आणि राज्य किंवा अखिल भारतीय कोटा ठरला की पुढचे सर्व काही त्या क्रमांकाने ठरते.

अर्थात या रीतीलाही मर्यादा आहेत. २०२४ च्या ‘नीट’मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. ४ जून २०२४ रोजी जाहीर झालेल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले. पुढे सुधारित निकालात ही संख्या १७ झाली. त्या वर्षी गुणांचा एकंदर स्तरच उंचावल्यामुळे, आदल्या वर्षी ज्या गुणांना शासकीय महाविद्यालय मिळाले असते त्याच गुणांना कितीतरी खालचा क्रमांक मिळाला. ज्यांनी क्रमांकाऐवजी गुणांवरून अंदाज बांधला, त्यांचा अंदाज साफ चुकला. निकष एकच असतानाही असे घडते, तर जेथे निकष अनेक आहेत आणि त्यांचे परस्परांतील वजन जाहीर केले जात नाही, तेथे काय होत असेल, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

हा प्रश्न मराठी प्राध्यापकांसाठी केवळ कुतूहलाचा नाही. बारावीनंतर पदवी शिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ पाहणारे विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांकडे शिफारसपत्र मागतात. त्यांच्यापैकी काहींच्या मनात पुढे तेथेच डॉक्टर होण्याची इच्छा असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे ही आकांक्षा मोठी आहे आणि येथील आप्तांकडून त्याविषयी सल्ला घेतला जातो. अशा वेळी ‘शेवटच्या क्रमांकाची’ महाराष्ट्रीय रीत जशीच्या तशी तेथे लावली गेल्यास निर्णय चुकण्याचा संभव असतो. सतराव्या-अठराव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाची किंमत वर्षांमध्ये आणि लाखो रुपयांमध्ये मोजावी लागते.

‘प्री-मेड’ संकल्पनेची जडणघडण :

‘प्री-मेड’ ही पदवी नव्हे किंवा अभ्यासक्रमाचे नावही नव्हे. ते केवळ एका हेतूचे नाव आहे. पदवीचे शिक्षण घेत असताना पुढे वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवण्याची तयारी करणारा विद्यार्थी ‘प्री-मेड’ म्हणवला जातो. तो जीवशास्त्राचा असेल, इतिहासाचा असेल किंवा संगीताचाही असेल. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह पूर्ण करणे बहुतेक ठिकाणी आवश्यक असते. जैवरसायनशास्त्राची अपेक्षाही आता अनेक संस्था करतात.

या व्यवस्थेची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशासाठी पदवीची अट घातली. त्या काळी अनेक अमेरिकन वैद्यकीय शाळा शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्यांना प्रवेश देत असत. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी प्रतिष्ठानसाठी तयार केलेल्या अहवालाने हॉपकिन्सचा आदर्श देशभर रुजवला. निकृष्ट दर्जाच्या अनेक शाळा बंद पडल्या आणि मूलभूत विज्ञानांचे महाविद्यालयीन शिक्षण ही वैद्यकाची पूर्वअट बनली. १९२८ पासून वैद्यकीय अभिक्षमता चाचणीचे प्रयोग सुरू झाले व त्यातून पुढे आजची ‘एमकॅट’ परीक्षा आकाराला आली. २०१५ मध्ये या परीक्षेचे स्वरूप बदलून तिच्यात मानसशास्त्र व समाजशास्त्र यांवर आधारित विभागाचा समावेश करण्यात आला. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर दिले जातात व पट्टीचा मध्य ५०० आहे.

अशा रीतीने भारतात जी निवड बारावीनंतर एकदाच होते, ती अमेरिकेत दोन टप्प्यांत विभागली गेली आहे. या दोन टप्प्यांचे निकष, निवडणाऱ्या संस्था आणि स्पर्धक हे तिन्ही भिन्न आहेत, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

पहिला टप्पा : पदवी महाविद्यालयातील प्रवेश :

पदवी महाविद्यालयात साधारणपणे ‘प्री-मेड’साठी वेगळ्या जागा नसतात. काही विद्यापीठे विषयानुसार प्रवेश देतात आणि तेथे जीवशास्त्रासारख्या विषयाला गर्दी असल्यास त्याचा परिणाम होतो. परंतु डॉक्टर होण्याची इच्छा अर्जात नमूद केल्याने शक्यता आपोआप वाढत नाही. अपवाद आहे तो पदवी व वैद्यकीय शिक्षण एकत्र जोडणाऱ्या कार्यक्रमांचा. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७१ पासून सहा वर्षांचा, तर ब्राऊन विद्यापीठात आठ वर्षांचा असा कार्यक्रम आहे. यांत शालेय शिक्षणानंतरच दोन्ही प्रवेश निश्चित होत असल्याने भारतीय वंशाच्या कुटुंबांना त्यांचे मोठे आकर्षण वाटते. मात्र जागा मोजक्या असल्यामुळे स्पर्धा अत्यंत तीव्र असते.

इतर सर्व ठिकाणी ‘समग्र मूल्यमापन’ केले जाते. शाळेतील श्रेणी, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, प्रमाणित चाचणीचे गुण, निबंध, शिफारसपत्रे, अभ्यासेतर कार्य, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि संस्थेच्या स्वतःच्या गरजा यांचा एकत्रित विचार होतो. हार्वर्डमध्ये २०२४ साली प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. परंतु हा आकडा कोणत्याही एका विद्यार्थ्याची संभाव्यता सांगत नाही. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात उघड झालेल्या आकडेवारीच्या विश्लेषणातून असे दिसून आले की, त्या काळातील माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश अर्जदारांना प्रवेश मिळत होता, तर इतरांच्या बाबतीत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अतिनिवडक खासगी विद्यापीठांत जाण्याची शक्यता समान चाचणी-गुण असलेल्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांच्या तुलनेत सर्वाधिक उत्पन्नाच्या १ टक्का कुटुंबांतील मुलांना दुपटीहून अधिक होती. तात्पर्य, सरासरी ही अनेक असमान गटांची सरासरी असते.

शिवाय निकषही स्थिर नाहीत. कोविड साथीच्या काळात बहुसंख्य विद्यापीठांनी चाचणी-गुण ऐच्छिक केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ पासून प्रवेशाचा निर्णय घेताना ते विचारात घेणेच थांबवले. याउलट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ महाविद्यालयाने २०२४ मध्ये ते पुन्हा अनिवार्य केले. डार्टमथच्या निर्णयामागील अभ्यासात असे आढळले होते की, वंचित पार्श्वभूमीच्या काही विद्यार्थ्यांनी आपले गुण अपुरे समजून ते कळवलेच नाहीत. वास्तविक त्या गुणांचा त्यांना लाभ झाला असता. संस्थेने प्रसिद्ध केलेल्या गुणमर्यादेशी स्वतःची तुलना करून त्यांनी आपली शक्यता कमी लेखली. गुण ऐच्छिक असताना केवळ उच्च गुण मिळवणारेच ते कळवतात आणि त्यामुळे प्रसिद्ध होणारी मर्यादा कृत्रिमरीत्या उंचावते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चुकीच्या अंदाजाची किंमत कोण मोजतो याचे हे बोलके उदाहरण होय.

वंशाच्या विचाराबाबतही असाच बदल झाला. १९७८ च्या बाकी खटल्यात, जो मुळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाविरुद्धच होता, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा अवैध ठरवल्या. मात्र वंश हा अनेक घटकांपैकी एक घटक म्हणून विचारात घेण्यास मुभा दिली. २९ जून २०२३ च्या निर्णयाने ही मुभाही संपुष्टात आणली. म्हणून २०२३ पूर्वीच्या आकडेवारीवरून आजचा अंदाज बांधताना सावधगिरी आवश्यक आहे.

दुसरा टप्पा : वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश :

दुसऱ्या टप्प्याची आकडेवारी पहिल्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. अमेरिकेतील एम.डी. पदवी देणाऱ्या दीडशेहून अधिक संस्थांची संघटना, असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस, ती दरवर्षी प्रसिद्ध करते. साथीच्या काळात, २०२१-२२ या वर्षी, अर्जदारांची संख्या ६२,४४३ या उच्चांकावर गेली होती. २०२३-२४ मध्ये ५२,५७७ अर्जदारांपैकी २२,९८१ जणांनी प्रत्यक्ष प्रवेश घेतला. म्हणजे सुमारे ४४ टक्के. प्रवेश घेणाऱ्यांची ४ पैकी श्रेणी-सरासरी सुमारे ३.७७ व ‘एमकॅट’ची सरासरी सुमारे ५११.७ होती. सर्व अर्जदारांच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे सुमारे ३.६४ व ५०६.३ होते. यांखेरीज ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी देणारी महाविद्यालये आहेत. त्यांचे पदवीधरही पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतात. त्यांचे अर्ज वेगळ्या यंत्रणेमार्फत होतात व ते वरील संख्येत समाविष्ट नाहीत.

हीच संघटना श्रेणी-सरासरी व ‘एमकॅट’ या दोहोंच्या आधारे अर्जदारांचे गट पाडून प्रत्येक गटातील किती जणांना किमान एका संस्थेत प्रवेश मिळाला याचा तक्ता देते. संभाव्यतेच्या दृष्टीने हा तक्ता सर्वांत उपयुक्त आहे. त्यातील सर्वोच्च गटात, म्हणजे ३.७९ हून अधिक श्रेणी-सरासरी व ५१७ हून अधिक गुण असणाऱ्यांत, साधारण पाचपैकी चारहून थोड्या अधिक अर्जदारांना प्रवेश मिळतो. याचा दुसरा अर्थ असा की, उत्तमोत्तम आकडे असूनही सुमारे सहापैकी एक अर्जदार रिकाम्या हाताने परततो. रुग्णसेवेचा अनुभव, डॉक्टरांच्या सोबत राहून केलेले निरीक्षण, संशोधन, सामाजिक सेवाकार्य, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांचे स्थान येथे दिसून येते. आकड्यांच्या आधारे अर्ज वाचला जातो. मुलाखतीपर्यंत व पुढे नेणारे घटक मात्र निराळे असतात.

निवासाचे राज्य हाही निर्णायक घटक आहे. आपल्याकडील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के राज्य कोटा व १५ टक्के अखिल भारतीय कोटा ही विभागणी प्राध्यापकांना परिचित आहे. अमेरिकेतील अनेक राज्य विद्यापीठांचे धोरण याच वळणाचे आहे. टेक्सासमध्ये सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांतील किमान ९० टक्के जागा राज्यातील रहिवाशांसाठी असतात. वॉशिंग्टन विद्यापीठ हे वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना व आयडाहो या पाच राज्यांतील विद्यार्थ्यांना प्राधान्य देते. म्हणून समान आकड्यांच्या दोन विद्यार्थ्यांची संभाव्यता केवळ पत्त्यामुळे वेगळी ठरू शकते.

अंदाजातील तीन गफलती :

१) छेद विसरणे : अनेक पदवी महाविद्यालये ‘आमच्या ९० टक्के विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेश मिळतो’ असे सांगतात. हे विधान खोटे नसते, परंतु त्यातील छेद तपासावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी ३०० विद्यार्थी प्री-मेड म्हणून सुरुवात करतात. सेंद्रिय रसायनशास्त्रानंतर १०० उरतात. महाविद्यालयाची समिती त्यांपैकी ५० जणांनाच अधिकृत शिफारसपत्र देते व त्यांतील ४५ जणांना प्रवेश मिळतो. प्रमाण ९० टक्के हे खरे. पण सुरुवात करणाऱ्यांच्या दृष्टीने ते १५ टक्केच आहे. बारावीत असलेला विद्यार्थी हा त्या ३०० मधला असतो, ५० मधला नव्हे. संख्याशास्त्रात यालाच निवड-पक्षपात म्हणतात. वर दिलेला ४४ टक्क्यांचा राष्ट्रीय आकडाही अर्ज करण्यापर्यंत पोहोचलेल्यांचाच आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

२) अर्ज परस्परांपासून स्वतंत्र मानणे : वैद्यकीय प्रवेशासाठी एक विद्यार्थी सरासरी १८ च्या आसपास संस्थांकडे अर्ज करतो. प्रत्येक ठिकाणी १० टक्के शक्यता धरली आणि घटना स्वतंत्र मानल्या, तर सर्व ठिकाणी नकार येण्याची संभाव्यता ०.९ चा १८ वा घात, म्हणजे सुमारे ०.१५ येते, म्हणजेच कोठेतरी प्रवेश मिळण्याची शक्यता ८५ टक्के भासते. परंतु या घटना स्वतंत्र नाहीत. सर्व संस्था तीच श्रेणी-सरासरी, तेच गुण, तेच निबंध वाचत असतात. एका ठिकाणी जी उणीव नकाराला कारण होते, तीच इतरत्रही होण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे अर्जांची संख्या वाढवून मिळणारा लाभ हिशेबापेक्षा बराच कमी असतो. पदवी महाविद्यालयांच्या अर्जांनाही हेच लागू पडते.

३) दोन टप्प्यांची सरमिसळ : पहिल्या टप्प्यावरील यश म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरील यशाची हमी, हा सर्वांत प्रचलित समज आहे. प्रतिष्ठित महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी वैद्यकीय शाखेकडे जातात, हे खरे आहे. परंतु त्यांना महाविद्यालयाने तसे घडवले की तसे असणारेच तेथे निवडले गेले, याचा उलगडा केवळ त्या आकड्यावरून होत नाही. स्टेसी डेल व अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उत्पन्नाच्या संदर्भात नेमका हाच प्रश्न विचारला होता. समान योग्यतेच्या व समान ठिकाणी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांत, अधिक निवडक महाविद्यालयात गेलेल्यांना पुढील उत्पन्नात सरासरी फारसा अधिक लाभ झाल्याचे त्यांना आढळले नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थी मात्र याला अपवाद होते.

महाविद्यालयाची निवड : तळे आणि बेडूक :

समाजशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिस यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात महाविद्यालयाला बेडकांच्या तळ्याची उपमा दिली होती. विद्यार्थी स्वतःच्या क्षमतेचा अंदाज देशातील सर्व विद्यार्थ्यांशी तुलना करून बांधत नाही, तर आपल्या वर्गातील स्थानावरून बांधतो. आणि उच्च व्यवसायाची निवड महाविद्यालयाच्या दर्जापेक्षा या स्थानाशी अधिक निगडित असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्री-मेड विद्यार्थ्याला हा निष्कर्ष दुहेरी लागू पडतो. तो स्वतःला कमी समजू लागतो, आणि शिवाय त्याची श्रेणी-सरासरी प्रत्यक्षात कमी होते. वैद्यकीय अर्जांची केंद्रीय यंत्रणा जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांची वेगळी सरासरी काढते आणि महाविद्यालय कठीण होते म्हणून तीत कोणतीही भर घालत नाही. काही वैद्यकीय संस्था महाविद्यालयाचा लौकिक विचारात घेतात हे खरे असले, तरी खालावलेली सरासरी त्याने भरून निघेलच असे नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड बार व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैद्यकाची ओढ का ओसरते याचा शोध घेतला. पहिल्या दोन वर्षांतील रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमांचा नकारात्मक अनुभव हे त्याचे प्रमुख कारण आढळले, आणि ही घट विद्यार्थिनी व अल्पप्रतिनिधित्व असलेल्या समाजगटांतील विद्यार्थी यांच्यात अधिक होती. सर्व विद्यार्थी एकाच निवडक विद्यापीठातील, म्हणजे पहिल्या टप्प्यावर यशस्वी ठरलेले होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

याचा अर्थ निवडक महाविद्यालय टाळावे असा नाही. तेथील प्रयोगशाळा, जवळचे रुग्णालय, गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे भरघोस अर्थसाहाय्य आणि सैल श्रेणीदान यांचा लाभही वास्तव आहे. पण डॉक्टर होणे हेच उद्दिष्ट असल्यास ‘कोठे प्रवेश मिळेल?’ या प्रश्नाबरोबर ‘कोठे टिकून चांगली श्रेणी राखता येईल?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. त्यासाठी विज्ञानाच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थिसंख्या, शिकवणीसाठी उपलब्ध साहाय्य, समितीच्या शिफारसपत्राची अट आणि वैद्यकाचा विचार सोडल्यास उपलब्ध असणारे अन्य विषय यांची चौकशी करावी लागते.

परदेशी नागरिक आणि खर्च :

भारतीय नागरिकत्व असलेल्या विद्यार्थ्यासाठी वरील सर्व आकडे आणखी कठोर होतात. अनेक अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालये विद्यार्थी-व्हिसावरील अर्जदारांचा विचारच करत नाहीत. जी करतात त्यांपैकी काही चार वर्षांच्या संपूर्ण खर्चाची तरतूद आधीच दाखवण्यास सांगतात. बहुसंख्य संस्थांना पूर्वतयारीचे विषय अमेरिकेतील किंवा कॅनडातील मान्यताप्राप्त महाविद्यालयात पूर्ण केलेले हवे असतात. म्हणून येथील बी.एस्सी. पदवीवर तेथे थेट एम.डी.साठी अर्ज करण्याचा मार्ग व्यवहारतः बंद असतो. राष्ट्रीय सरासरी ४४ टक्के असली, तरी ती या विद्यार्थ्याची संभाव्यता नव्हे. एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांनी पात्रता परीक्षा देऊन तेथील निवासी प्रशिक्षणासाठी अर्ज करणे हा स्वतंत्र मार्ग आहे व त्याची गल्लत प्री-मेडशी करू नये.

खर्चाचा विचार संभाव्यतेपासून वेगळा करता येत नाही. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत चार वर्षांचा एकूण खर्च बहुधा ३ लाख डॉलर्सच्या पुढे जातो. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने १ जुलै २०२६ पासून व्यावसायिक शिक्षणासाठी नव्याने कर्ज घेणाऱ्यांवर वार्षिक ५०,००० व एकूण २,००,००० डॉलर्सची मर्यादा घातली. परदेशी विद्यार्थी तर या केंद्रीय कर्जास मुळातच पात्र नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये व अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाने २०२४ मध्ये शिकवणी शुल्क माफ केले, परंतु हे अपवाद आहेत. पदवीच्या शिक्षणातच कुटुंबाची बचत संपवणारा निर्णय पुढच्या टप्प्याची शक्यता कमी करतो, हे पालकांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते.

प्राध्यापकांची भूमिका :

या प्रक्रियेत येथील प्राध्यापकाचा प्रत्यक्ष सहभाग शिफारसपत्राच्या रूपाने येतो. आपल्याकडे ‘हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक’ अशा ठरावीक विशेषणांचे पत्र देण्याची किंवा विद्यार्थ्यानेच लिहून आणलेल्या मजकुरावर सही करण्याची प्रथा आढळते. समग्र मूल्यमापनात अशा पत्राचे मोल जवळजवळ शून्य असते. विद्यार्थ्याने विचारलेला एखादा प्रश्न, प्रयोग फसल्यावर त्याने काय केले, सहाध्यायांशी त्याचे वर्तन कसे होते, वर्गातील एकूण विद्यार्थ्यांत त्याचे स्थान कोणते, अशा तपशिलांनीच पत्राला वजन येते. गुणपत्रिकेत न दिसणारी माहिती देणे हेच त्याचे प्रयोजन होय.

दुसरी जबाबदारी सल्ल्याची आहे. ‘तुला नक्की मिळेल’ आणि ‘तुझे काही खरे नाही’ ही दोन्ही उत्तरे सारखीच अशास्त्रीय आहेत. त्याऐवजी पुढील प्रश्न क्रमाने विचारता येतील : समोरचा आकडा कोणत्या गटाविषयी आहे? विद्यार्थी त्या गटात मोडतो का? आकडा कोणत्या वर्षीचा आहे आणि त्यानंतर नियम बदलले आहेत का? नागरिकत्व व निवास यांचा परिणाम काय? दोन्ही टप्प्यांचा एकत्रित खर्च किती? आणि वैद्यकाचा मार्ग सुटल्यास हाती काय उरेल? शेवटचा प्रश्न विचारणे म्हणजे विद्यार्थ्याला नाउमेद करणे नव्हे. सुरुवात करणाऱ्यांतील पुष्कळजण मार्ग बदलतात, हे वास्तव त्याला आधीच माहीत असेल तर तो बदल त्याला अपयश वाटत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, एकाच निकषावर आधारित व्यवस्थेत उपयोगी पडणारी ‘शेवटच्या क्रमांकाची’ रीत अनेक निकषांच्या व्यवस्थेत लागू करता येत नाही. दोन, प्री-मेड विद्यार्थ्याची संभाव्यता ही दोन भिन्न टप्प्यांची मिळून बनते आणि पहिल्या टप्प्यावरील सर्वाधिक प्रतिष्ठित पर्याय हा दुसऱ्या टप्प्यासाठी सर्वाधिक हितकारक असेलच असे नाही. तीन, प्रसिद्ध होणारी प्रमाणे बहुधा चाळणीतून उरलेल्यांची असतात. सुरुवात करणाऱ्याने आपला छेद स्वतः शोधावा लागतो. चार, नागरिकत्व, निवासाचे राज्य आणि आर्थिक क्षमता हे घटक गुणवत्तेइतकेच परिणामकारक ठरतात.

संभाव्यता हे विद्यार्थ्याच्या योग्यतेचे मोजमाप नसून उपलब्ध माहितीचे मोजमाप असते. माहिती जितकी नेमकी, तितका अंदाज विश्वसनीय. ती माहिती विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर, म्हणजे अर्ज भरण्यापूर्वी पोहोचवणे हे मार्गदर्शक प्राध्यापकाचे काम आहे.